‘सगळं करतं’ असं सांगितलेलं मशीन

वाचकाचं पत्र:

नमस्कार. नारायण पेठेत आमचं ट्रॉफी, नेमप्लेट आणि भांड्यांवर नाव घालून देण्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. जागा दहा बाय बारा. जुन्या लाकडी वाड्याचा तळमजला आहे, वर दोन बिऱ्हाडं राहतात. एक जुनं पँटोग्राफ (साच्यावरून अक्षर उतरवून कोरणारं यंत्र) आहे आणि हाताने नाव कोरणारे एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. लेझरचं काम आम्ही बाहेर करून घेतो. त्याचे महिन्याला साधारण २२ हजार जातात: ट्रॉफीच्या धातूच्या पट्ट्या आणि स्टील-पितळेच्या वस्तू यांचे १४ हजार, अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कटिंगचे ८ हजार. आता स्वतःचं मशीन घ्यावं म्हणते. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, ४५ हजारांत टेबलावर बसणारा ‘४० वॉट’चा डायोड मिळतो, सगळं करतो. एका डीलरने ८० वॉटच्या सीओटूचं ३ लाख १० हजारांचं कोटेशन दिलंय. तेही सगळं करतं म्हणे. तिसऱ्याने ३० वॉट फायबरचे २ लाख ४० हजार सांगितले. सगळ्यांवर जीएसटी वेगळा. दिवाळीच्या आत ठरवायचंय. आणि मशीन आलं तर काकांचं काय करायचं, तेही सांगा.
— एक वाचक, नारायण पेठ

ताई, नमस्कार.

‘सगळं करतं’ हे शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलेत. डीलरचं मी समजू शकतो, त्याचं पोट आहे त्यावर. मुलाने व्हिडिओ बघून सांगितलंय, त्यालाही दोष नाही. व्हिडिओत सगळं होतंच. पण अडकित्त्याने कोणी भाजी चिरत नाही आणि विळीवर सुपारी फुटत नाही. तुमच्याकडे तीन कोटेशनं आहेत, ती एकाच वस्तूची तीन किमतींतली रूपं नाहीत. ती तीन वेगळी हत्यारं आहेत, तीन जातींचे लेझर.

डायोडचा प्रकाश निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. फायबरचा १०६४, डोळ्याला न दिसणारा. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या लेझरचा, १०,६००: फायबरच्या दहापट लांब लहरीचा. कुठला माल कुठला प्रकाश पितो आणि कुठला परतवून लावतो, सगळा खेळ एवढ्यावर आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निळा प्रकाश खिडकीतून ऊन यावं तसा आरपार निघून जातो, शीटला काही होत नाही. त्याच शीटमध्ये सीओटूचा प्रकाश पूर्ण जिरतो आणि कडा तासल्यासारखी स्वच्छ निघते. उघडं स्टील किंवा पितळ मात्र सीओटूचा प्रकाश आरशासारखा परत फेकतं. फायबरचा प्रकाश त्या मानाने बराच पितं, म्हणून त्यावर नाव उमटतं. आपल्या आवाक्यातल्या मशीनमध्ये वॉट वाढवून हे बदलत नाही.

म्हणून मशीन बघायला जाण्याआधी गेल्या तीन महिन्यांची बिलबुकं काढा आणि दुकानात काय काय माल आला त्याच्या रेघा मारा. तुमचं अर्धं काम तुम्ही पत्रात केलंच आहे. २२ पैकी १४ हजारांचं काम धातूचं आहे. माझं उत्तर तिथूनच निघतं, पण आधी मुलाचं म्हणणं पाहू.

त्या ‘४० वॉट’वर पहिला प्रश्न विचारा: ऑप्टिकल आउटपुट किती? स्वस्त डायोडवर मशीन भिंतीतून किती वीज ओढतं तो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, आणि प्रत्यक्ष प्रकाश निघतो ५ किंवा १० वॉटचा. खरोखर २०-४० वॉट प्रकाश देणारे डायोडही आता आलेत, ते वाईट नाहीत. पण व्हिडिओत स्टीलच्या बाटलीवर जे नाव झरझर उमटतं, ते बहुतेक वेळा स्टीलवर नसतंच. बाटलीवर पावडर कोटिंगचा रंग असतो, लेझर तो उडवतो आणि खालचं स्टील दिसतं. तुमच्याकडे गिऱ्हाईक घेऊन येतं ती उघड्या स्टीलची वाटी. मुलाला घरी लाकडाच्या की-चेन, चामड्याची पाकिटं, ३ मिलिमीटर प्लायची खेळणी करायची असतील तर जरूर घेऊ दे, हात बसेल. दुकानाचा गाडा त्यावर ओढायचा नाही.

सीओटूबद्दल मला माया आहे, हे आधीच कबूल करतो. माझं पहिलं मशीन तेच होतं, धायरीतल्या भाड्याच्या गाळ्यात. आणि हा लेझर पुण्याला परका नाही. ज्यांनी तो १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार केला, ते कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून गेलेले. अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, चामडं, रबर स्टॅम्प, कागद, यात त्याच्या तोडीचं अजून काही नाही.

पण तुमच्या वाड्यात मी तो आणणार नाही. एमडीएफ कापताना जो धूर निघतो त्यात लाकूड आणि त्याला बांधणारा डिंक दोन्ही जळत असतात, आणि अ‍ॅक्रिलिकचा वास तर कपड्यांना दोन दिवस राहतो. एक्झॉस्टचा पाइप तुम्ही काढणार कुठे? बोळात काढला तर तो सरळ वरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात. पहिल्या आठवड्यात तोंडी तक्रार, दुसऱ्या आठवड्यात लेखी, पेठेत याला वेळ लागत नाही. शिवाय कापताना अ‍ॅक्रिलिक पेट घेऊ शकतं. सीओटू चालू ठेवून चहाला जायचं नसतं, हा नियम पत्र्याच्या शेडमध्येही पाळावा लागतो. तुमच्या डोक्यावर तर सागवानी तुळया आहेत.

त्यात काचेची ट्यूब. तिला पाण्याने थंड ठेवावं लागतं, म्हणून चिलर. चिलरचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का ते बघा. बादलीत बर्फ टाकून एप्रिलच्या दुपारी मशीन चालवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या ट्यूबही पाहिल्यात. काचेची ट्यूब ही संपणारी वस्तू आहे, काही हजार तास चालते, आणि नुसती पडून राहिली तरी आतला वायू हळूहळू उतरतो. तिला लागतो काही हजार व्होल्टचा दाब, त्यामुळे अर्थिंग पक्कं हवं. जुन्या वाड्यातलं अर्थिंग कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

एक गोष्ट माझ्याकडून घडलेली सांगतो. एका गिऱ्हाइकाने पांढरं शीट आणून दिलं, ‘अ‍ॅक्रिलिकच आहे’ म्हणाला. घाई होती, मीही बघितलं नाही. कापायला लागलो तर घशात आग. ते सनबोर्ड होतं, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी जळलं की त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो, आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. पंधरा दिवसांत मशीनच्या पट्ट्यांवर, स्क्रूंवर तांबूस गंज चढला आणि लेन्स धुरकट झाली ती पुसून गेली नाही. तेव्हापासून मी ओळख नसलेल्या प्लॅस्टिकला तांब्याच्या तारेची परीक्षा घेतो. तार लाल होईपर्यंत तापवायची, त्या प्लॅस्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, शीट परत. हे मोकळ्या हवेत करायचं आणि तुकडा नखाएवढाच घ्यायचा. रेक्झिनवरही हाच संशय धरा, ते चामड्यासारखं दिसतं एवढंच. तुम्ही जॉबवर्कला माल पाठवता तेव्हाही हे तपासून पाठवा, समोरच्याचं मशीन वाचेल.

तर फायबर. धूर अगदी थोडा, त्याला छोटा फिल्टर पुरतो. चिलर नाही, ट्यूब नाही, आरसे जुळवणं नाही. टेबलाएवढी जागा. प्रकाशाच्या सोर्सचं आयुष्य कागदावर १ लाख तास लिहितात. तो आकडा मी कधी मोजलेला नाही, पण माझ्या ओळखीतली मशीनं वर्षानुवर्षं चालू आहेत. ट्रॉफीची पट्टी काही सेकंदांत, स्टीलच्या डब्यावर चार शब्द गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत. तुमच्यासाठी मला हेच महत्त्वाचं वाटतं. आज तुम्ही ‘परवा या’ म्हणता, आणि लक्ष्मी रोडवर खरेदीला आलेलं गिऱ्हाईक परवा येत नाही.

त्याचे उणेही सांगतो. अ‍ॅक्रिलिक कापत नाही, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर उमटत नाही, लाकडावर जेमतेम. सोबत येणारी लेन्स बहुधा ११० बाय ११० मिलिमीटरवर काम करणारी असते. मोठ्या ताटावर कडेने गोल मजकूर हवा असेल तर मोठी लेन्स लागेल, आणि तिने ठिपकाही मोठा होतो, म्हणजे जोर कमी पडतो. पेले, तांबे, बाटल्या यांना फिरवणारी रोटरी लागते, ती कोटेशनमध्ये धरून घ्या. डीलर ‘मोपा घ्या, स्टीलवर रंग येतात’ म्हणेल. मोपा हा फायबरचाच महागडा प्रकार. रंग येतात, खरं आहे. पण तुमच्या दुकानात आजवर रंगीत नाव मागायला कोण आलंय? ते पैसे सेफ्टी कॅबिनेटमध्ये घाला.

कॅबिनेटबद्दल मी हट्ट धरणार आहे. १०६४ चा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा मिटत नाही, आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यावर गोळा होतो. पितळेच्या गोल तांब्यावरून परतलेला किरण कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि तुमच्या काउंटरपाशी बायका कडेवर पोर घेऊन उभ्या असतात. उघड्या डोक्याचं, म्हणजे कॅबिनेट नसलेलं, मशीन स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. दार उघडलं की लेझर बंद पडला पाहिजे. हे डेमोला स्वतः दार उघडून बघा. खिडकीला साधं अ‍ॅक्रिलिक लावलेलं असेल तर ते सीओटूला चालतं, फायबरला अजिबात नाही. सोबत मिळणाऱ्या चष्म्यावर १०६४ हा आकडा आहे ना, तेही वाचा. डायोडचा हिरवा-नारिंगी चष्मा इथे नुसता शोभेचा.

डेमोला जाताना पिशवी भरून न्या. डीलरकडे चकचकीत कार्डं तयार असतात, त्यावर गणपती फार सुंदर येतो. तुमच्या पिशवीत स्टीलची वाटी, पितळेची पट्टी, तांब्याचा तांब्या, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि तुमच्या गोदामातला सगळ्यात वाईट, ओरखडे पडलेला डबा हवा. वस्तू ठेवण्यापासून काढेपर्यंत मोबाइलवर वेळ लावा. नुसता लेझर फिरण्याचा वेळ सांगतील तो धरू नका, फोकस जुळवण्यात खरा वेळ जातो. मग एक वाटी तुम्ही स्वतः करा, ऑपरेटरला बाजूला बसवून.

त्या वाट्या घरी आणा आणि आठ दिवस रोज तारेच्या घासणीने घासा. फायबर स्टीलवर दोन तऱ्हांनी लिहितो. एकीत पृष्ठभाग फक्त तापवून काळा करतो, दिसायला झकास, हाताला लागत नाही. दुसरीत धातू खरवडून खोल जातो. काळं अक्षर ट्रॉफीवर जन्मभर राहील, पण रोजच्या घासणीखाली ते फिकटतं, आणि फार तापवलेलं असेल तर तिथे पुढे गंजाचा ठिपकाही येतो. आपल्या आज्यांच्या डब्यांवरचं ‘चि. सौ. कां.’ पन्नास वर्षांनी वाचता येतं कारण ते खोल कोरलंय. भांड्याला खोलच जायला हवं, आणि खोल जायला वेळ लागतो. भाव ठरवताना तो वेळ धरा.

आता मराठी. याबद्दल डीलर बोलत नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात घोळ इथेच होतो. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कऱ्हाडे’, ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’ टाइप करून दाखवा म्हणा. जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर घाबरू नका, बहुतेक ठिकाणी असंच होतं. मजकूर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लावायचा, कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषांत, बदलायचा आणि मग आणायचा. पण बदलून झाल्यावर तो रेघांच्या दृश्यात उघडून बघा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळा तुकडा असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण लेझर जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे दोनदा जातो. पट्टीवर दर अक्षरागणिक एक उभी काळी रेघ उमटते, जणू शिरोरेषेला टाके घातलेत. उपाय एका बटणाचा आहे: सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे तुकडे एकसंध होतात.

अ‍ॅक्रिलिकमधून अक्षरं कापून घेताना तर हे विसरलात की शब्दाचे सुटे तुकडेच हातात येतात. वेल्ड केलंत की तीच शिरोरेषा कामाला येते. इंग्रजी नावाची अक्षरं एकेक करून चिकटवावी लागतात, आपलं ‘देशपांडे’ एका सलग तुकड्यात निघतं. फक्त ‘पां’वरचा अनुस्वार सुटा पडतो आणि मशीनच्या जाळीतून खाली जातो. जॉबवाला तो शोधत बसत नाही. माझ्याकडे अशा टिंबांची एक बरणी आहे.

हे तुम्हाला उपयोगी पडणारच आहे, कारण कटिंगचं ८ हजारांचं काम बाहेरच राहू द्या असं माझं म्हणणं आहे. फाइल अशी तयार करून दिलीत तर तो भावही कमी लावेल. शीट देताना कास्ट (साच्यात ओतून केलेलं) अ‍ॅक्रिलिक आहे का विचारून घ्या. कोरल्यावर पांढरं, बर्फासारखं अक्षर कास्टवर येतं, एक्स्ट्रुडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्यावर) ते पुसट आणि चिकट येतं. आणि गणपतीआधीची कामं लवकर द्या. २०१८ ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांचं काम असं वाढलंय की त्या दिवसांत जॉबवाले फोन उचलत नाहीत.

हिशेब छोटा आहे. फायबरने महिन्याचे १४ हजार वाचतील. वीज, देखभाल, बिघडलेले तुकडे यांचे २ हजार वजा करा. राहिले १२. २ लाख ४० हजार फिटायला २० महिने. जीएसटी १८ टक्के, म्हणजे ४३,२००. त्याचं क्रेडिट मिळत असेल तर उत्तम. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, मग जवळपास २४ महिने धरा. सीओटूने वाचतात ८ हजार. खर्च शून्य धरला तरी ३९ महिने, आणि तोवर एक ट्यूब नक्की बदललेली असेल. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेतल्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाख बसतात, बँकेत विचारा. दिवाळीच्या आत घ्यायचं असेल तर नवरात्राच्या आधी घ्या, ऐन गर्दीत शिकत बसू नका. आणि डीलर जी नावं देईल त्यांतल्या दोन वर्षं जुन्या गिऱ्हाइकाला फोन करा. गेल्या महिन्यात मशीन घेतलेला माणूस अजून खुशीत असतो.

फायबर आलं की एखादा सराफ दागिन्यावर नाव घालायला येईल, ते करा. पण हॉलमार्कचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, ‘जरा पुसट झालाय, पुन्हा काढून द्या’ म्हणाला तर हात जोडा. ते फक्त मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्राचं काम आहे.

राहिले काका. तांबट आळीतून मठारकाम केलेली तांब्याची घागर आली तर फायबर तिथे अडखळतो. त्याचा फोकस वरखाली दोनेक मिलिमीटरच सांभाळतो, आणि ठोक्यांच्या खळग्यांवर अर्धं अक्षर ठळक, अर्धं पुसट येतं. त्यात तांबं प्रकाश परतवतं आणि उष्णताही पळवतं. काकांचा हात खळग्यात उतरतो आणि वर येतो. कळशीच्या काठाच्या आत, समईच्या दांड्यावर, जिथे लेन्स पोचत नाही तिथेही तेच. अशा कामाचा भाव आता लेझरपेक्षा जास्त लावा. दुसरं काम प्रुफाचं. देवळाला द्यायच्या समईवर ‘स्मरणार्थ’ चुकलं तर समई नवी आणावी लागते, आणि लेझर चूकसुद्धा सुबक काढतो. पडद्यावरचा मजकूर आधी काकांनी वाचायचा, मग गिऱ्हाइकाने सही करायची, मग बटण.

कॅबिनेट आतल्या भिंतीला लावा. दारापाशी उजेड येतो तिथून काकांचं टेबल हलवू नका.